औषधाची चिठ्ठी आणि घरची वही

मूल खोडकर असणे निराळे आणि मुलाचे मन त्याच्या स्वतःच्याच ताब्यात नसणे निराळे. हा भेद कागदावर लिहिणे सोपे आहे. परंतु सकाळी शाळेच्या घाईत एक पाय बुटात, दुसरा अनवाणी, आणि दृष्टी खिडकीबाहेरच्या कावळ्यांवर, अशा अवस्थेत बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलासमोर उभे राहून तो भेद ओळखणे फार कठीण. आम्हां उभयतांस तो ओळखण्यास तीन वर्षे लागली, आणि ओळखल्यानंतर योग्य औषध सापडण्यास आणखी सात महिने गेले. त्या सात महिन्यांची ही हकीकत आहे.

कोणते औषध द्यावे हे सांगण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. तो अधिकार डॉक्टरांचा. परंतु योग्य औषध सापडते कसे, आणि ते सापडण्यात आईबापांचा, शिक्षकांचा व खुद्द मुलाचा वाटा किती, हे आम्हांस आरंभी कोणी सांगितले असते तर आमचे पुष्कळ अश्रू वाचले असते. म्हणून हा प्रपंच.

वर्गातील रिकामी जागा

आमचे बिऱ्हाड बेळगावात, टिळकवाडीच्या बाजूस. मुलाचे नाव आम्ही येथे देत नाही; घरात त्यास आम्ही बाळ म्हणतो, तेच नाव येथेही चालेल. बाळ लहानपणापासून नकला करण्यात पटाईत. शहर बसचा कंडक्टर, शेजारची शेळी, नाकात बोलणारे वाणीदादा, सारी मंडळी त्याच्या तोंडून हुबेहूब बोलत. परंतु २०२२ च्या जूनमध्ये तो चौथीत गेला आणि घरात हसू उरले नाही. वर्गात त्याची जागा बहुधा रिकामी असे, कारण तो दाराशी, खिडकीशी अथवा दुसऱ्याच्या बाकावर असे. गणित येत असे, परंतु तिसऱ्या उदाहरणापाशी वही तशीच राही. महिन्याभरात दोन दप्तरे, चार पाण्याच्या बाटल्या व एक चप्पल हरवली. रांगेत पुढच्यास ढकलणे, प्रश्न पुरा होण्यापूर्वीच उत्तर ओरडणे, आणि मग ओणवे उभे राहणे, हा नित्यक्रम झाला.

सल्ल्यांस तोटा नव्हता. कोणी म्हणाले, साखर बंद करा. कोणी म्हणाले, लाडावलेला आहे, दोन फटके द्या. फटके आम्ही दिले, हे येथे कबूल करतो. एके रात्री दिवा मालविल्यानंतर अंधारातून त्याने विचारले, "आई, मी मुद्दाम नाही करत. मग मी वाईट मुलगा आहे का?" त्या प्रश्नास उत्तर देण्याचे धैर्य आम्हां दोघांपैकी एकासही झाले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांच्या मनोविकारांच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंची वेळ मागितली.

निदान एका भेटीत होत नाही

पहिल्याच भेटीत चिठ्ठी मिळेल अशी आमची अपेक्षा होती. मिळाले ते प्रश्नांचे दोन तक्ते. एक आम्ही भरावयाचा, दुसरा शाळेतील बाईंनी. बाईंनी समजाविले की, या विकाराचे रक्त तपासून वा छायाचित्र काढून निदान होत नाही. अवधान न टिकणे, अतिचांचल्य व उतावीळपणा ही लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असली पाहिजेत. ती वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसू लागलेली असावीत. आणि ती केवळ शाळेत अथवा केवळ घरात नव्हे, तर एकाहून अधिक ठिकाणी दिसली पाहिजेत. त्यासोबत डोळे, कान, झोप, रक्तक्षय, आकडीचा सौम्य प्रकार, घरातील भीती वा दुःख यांचाही विचार करावा लागतो, कारण यांपैकी कशानेही मुलाचे लक्ष उडू शकते. तीन भेटींनंतर बाईंनी निश्चित सांगितले की, ज्यास वैद्यकात ए.डी.एच.डी. म्हणतात तो हा विकार आहे.

जगभरातील पाहणीवरून शंभर मुलांत सुमारे ५ मुलांस तो असतो. त्याचे कारण साखर नव्हे, लाड नव्हे, आईबापांची हयगयही नव्हे. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. हे ऐकताना बाळाचे वडील खाली मान घालून बसले होते. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "मी शाळेत रोज मार का खाल्ला, ते आज कळले."

औषधाचे भय

बाईंनी 'मिथाइलफेनिडेट' हे नाव उच्चारले, आणि ते मेंदूस उत्तेजित करणारे औषध आहे असेही सांगितले. आधीच स्वस्थ न बसणाऱ्या मुलास उत्तेजक? आमच्या पोटात गोळा उठला.

या शंकेचे उत्तर वैद्यकाच्या इतिहासातच आहे. १९३७ साली अमेरिकेतील रोड आयलंड राज्यात, मनोविकारग्रस्त मुलांच्या एका रुग्णालयात डॉ. चार्ल्स ब्रॅडली काम करीत होते. एका कष्टप्रद तपासणीनंतर मुलांचे डोके दुखे; ते थांबावे म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक देऊन पाहिले. डोकेदुखीवर त्याचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही, परंतु शिक्षकांच्या ध्यानात निराळीच गोष्ट आली. ज्या मुलांस अभ्यासाचे वावडे होते, ती बसून काम करू लागली. ३० मुलांपैकी १४ जणांच्या शालेय कामात ठळक सुधारणा झाली, आणि मुलांनीच त्या औषधास 'गणिताच्या गोळ्या' असे नाव दिले. पुढे १९४४ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ लिआंद्रो पानिझोन यांनी मिथाइलफेनिडेट तयार केले, आणि पत्नी मार्गरीट हिच्या 'रीटा' या लाडक्या नावावरून त्यास 'रिटालिन' हे व्यापारी नाव मिळाले.

हे औषध मेंदूतील डोपामिन व नॉरअ‍ॅड्रेनलिन या दोन द्रव्यांचा प्रभाव वाढविते. मनास लगाम घालणारा मेंदूचा जो भाग आहे, त्याचे बळ त्यामुळे वाढते. बाई म्हणाल्या, "घोडा थकविण्यासाठी हे औषध नाही, स्वाराचा हात घट्ट करण्यासाठी आहे."

औषध सुरू करण्यापूर्वी बाळाची उंची, वजन, नाडी व रक्तदाब यांची नोंद झाली. घराण्यात कोणास हृदयविकार अथवा अकाली मृत्यू झाला आहे काय, याची चौकशी झाली. हे औषध आपल्या देशात 'परिशिष्ट एक्स' या कडक नियमाखाली येते. दुकानदारास त्यासाठी वेगळा परवाना लागतो, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक प्रत त्यास दोन वर्षे जपून ठेवावी लागते. म्हणून ते प्रत्येक दुकानात मिळत नाही. पहिल्या दिवशी आम्ही चार दुकाने हिंडलो. निघताना बाईंनी आणखी एक गोष्ट लिहून दिली, जी कोणत्याच दुकानात मिळत नव्हती: "चाळीस पानी वही घ्या. रोज लिहा."

दोन रकाने, मग तिसरा

वहीत आरंभी दोन रकाने होते, शाळा व घर. शाळेतील बाई रोज एक ओळ लिहीत. घरी आम्ही जेवण, झोप व संध्याकाळची मनःस्थिती लिहीत असू. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सकाळी ५ मिलिग्रॅम. दुसऱ्या आठवड्यात सकाळी ५ व दुपारी ५. मग १० व ५. मग १० व १०. हे आकडे आमच्या मुलाचे आहेत. कोणीही ते आपल्या मुलास लावू नयेत, कारण या औषधाचे योग्य प्रमाण मुलाच्या वजनावरून नेमके सांगता येत नाही. ते थोड्यापासून आरंभ करून, पायरीपायरीने चढून शोधावे लागते.

चौथ्या आठवड्यात शाळेच्या रकान्यात लिहिलेले होते, "आज बाळाने संपूर्ण धडा उतरविला. एकदाही उठला नाही. आदर्श विद्यार्थी!" आम्ही पेढे वाटावयाचे तेवढे बाकी होते. परंतु घरच्या रकान्यात त्याच दिवशी आम्ही लिहिले होते, "जेवला नाही. कोपऱ्यात बसून राहिला." आजीने विचारले, "कंडक्टर कुठे गेला रे?" बाळाने नुसते पाहिले. रात्री तो आईस म्हणाला, "गोळी घेतल्यावर मला गमती सुचत नाहीत. डोक्यात कुणीतरी पंखा बंद केल्यासारखे वाटते."

आम्हां दोघांत त्या रात्री मोठा वाद झाला. एकाचे म्हणणे, शाळा सुधारली, आता मागे फिरू नये. दुसऱ्याचे म्हणणे, असली बाहुली आम्हांस नको, औषधच फेकून द्या. दोघांचेही चुकत होते. डॉक्टरीणबाईंनी वही वाचली आणि प्रथम औषधाविषयी एक शब्दही न बोलता तिसरा रकाना आखला. त्यावर त्यांनी बाळाचे नाव लिहिले. "शाळेस शांत मूल हवे असते, घरास आज्ञाधारक मूल हवे असते. औषध मात्र मुलासाठी आहे, तेव्हा त्याची साक्ष हवी," असे त्या म्हणाल्या. मूल मंद, निर्विकार दिसू लागणे हा औषधाचा विजय नसून प्रमाण अधिक झाल्याची ती खूण होय, हेही त्यांनी सांगितले. मात्रा पुन्हा सकाळी १० व दुपारी ५ वर आली. चार दिवसांनी शेळी परत ओरडू लागली.

आमची चूक

तथापि वाट सरळ नव्हती. या साध्या गोळीचा परिणाम सुमारे तीन-चार तास टिकतो. तो उतरला की संध्याकाळी पाचच्या सुमारास बाळ चिडे, रडे, भिंतीवर लाथा मारी. भूक मंदावली. अडीच महिन्यांत वजन २४ किलोवरून साडेबावीसवर आले.

त्यातच सहामाही परीक्षा आली, आणि आम्ही शहाणपणा केला. गणिताच्या पेपराच्या आदल्या संध्याकाळी, अभ्यास व्हावा म्हणून, कोणासही न विचारता आम्ही एक गोळी जास्त दिली. अभ्यास झाला, परंतु मूल रात्री दोन वाजेपर्यंत टक्क जागे होते. "छातीत धडधड होते" म्हणून त्याने आमचा हात धरून ठेवला. सकाळी पेपरात त्याने पहिली दोन उदाहरणे सोडविली आणि बाकावर डोके टेकून तो रडू लागला. ही नोंद वहीत करताना आमचा हात थरथरत होता. बाईंनी ती वाचली व एवढेच म्हटले, "लिहिलेत हे बरे केलेत. पुन्हा मात्र असे करू नका." वहीत खोटे लिहिण्याचा मोह त्या दिवशी झाला होता, तो आवरला याचेच आज समाधान वाटते.

दुसरे औषध, तिसरा प्रयत्न

डिसेंबरात बाईंनी औषध बदलले. 'अ‍ॅटोमॉक्सेटीन' हे उत्तेजकांच्या वर्गातील नाही. ते पहिल्या दिवशी गुण दाखवीत नाही. पूर्ण परिणाम दिसण्यास चार ते सहा आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. मळमळ व गुंगी हे त्याचे सामान्य त्रास होत. क्वचित प्रसंगी मुलाच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येऊ शकतात, अथवा यकृतास इजा होते. म्हणून मूल मरणाविषयी बोलू लागले, वा डोळे पिवळे दिसले, तर क्षणाचाही विलंब न लावता कळवावे, अशी आम्हांस ताकीद होती. सुदैवाने तसे काही झाले नाही. रात्रीच्या जेवणानंतर औषध दिल्याने मळमळ आटोक्यात राहिली. संध्याकाळचे रडणे थांबले, भूक परत आली. परंतु दहा आठवड्यांनंतरही शाळेच्या रकान्यात तीच जुनी वाक्ये होती: "वही अपुरी. जागेवर नाही." तिसऱ्या रकान्यात बाळाने लिहिले, "बरे वाटते. पण बाई बोलतात ते अर्धेच ऐकू येते." हे औषध पुष्कळ मुलांस उत्तम लागू पडते; आमच्या मुलास ते पुरेसे पडले नाही. यात औषधाचा दोष नाही आणि मुलाचाही नाही.

फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस तिसरा प्रयत्न झाला. औषध पहिलेच, मिथाइलफेनिडेट. परंतु दिवसभर सावकाश झिरपणारी दीर्घपरिणामी गोळी, १८ मिलिग्रॅम, सकाळी एकदाच. ती चावावयाची नाही, फोडावयाची नाही. दुपारी शाळेत गोळी घेण्याची लाज संपली, आणि संध्याकाळी औषध एकाएकी उतरण्याचा तडाखाही ओसरला. दुपारची भूक अजूनही कमीच होती. म्हणून गोळीपूर्वी दोन थालीपिठे, लोणी व दूध, आणि रात्री उशिरा पुन्हा जेवण, असा आम्ही दिवस बसविला. जूनपर्यंत वजन साडेचोवीस किलो झाले. मार्चमधील एका दिवशी वहीचे तिन्ही रकाने प्रथमच एकमेकांशी जुळले. शाळा: "काम पूर्ण." घर: "जेवला, हसला, नऊला झोपला." बाळ: "आज डोक्यात गर्दी नव्हती. मधल्या सुट्टीत कंडक्टर केला."

योग्य औषध म्हणजे काय?

आम्हांस वाटत असे की, योग्य औषध म्हणजे एखादे विशिष्ट नाव. ते ज्या डॉक्टरास ठाऊक तो हुशार. तसे नाही. अमेरिकेत ५७९ मुलांवर केलेल्या व १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने ही गोष्ट स्पष्ट केली आहे. त्यात मुलांचे चार गट होते. एकास काळजीपूर्वक औषधोपचार, दुसऱ्यास वर्तनशिक्षण, तिसऱ्यास दोन्ही, आणि चौथ्याने आपापल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. चौदा महिन्यांनंतर चौथ्या गटाहून पहिल्या व तिसऱ्या गटांची लक्षणे पुष्कळच अधिक सुधारलेली दिसली. विशेष हे की, चौथ्या गटातील सुमारे दोन-तृतीयांश मुलांसही औषध मिळतच होते. मग अंतर कशाचे? पहिल्या व तिसऱ्या गटांत मात्रा टप्प्याटप्प्याने शोधली होती, दरमहा भेट होत होती, आणि शिक्षकांकडून माहिती मागविली जात होती. ज्यांस औषधासोबत वर्तनशिक्षणही मिळाले त्यांस कमी मात्रा पुरली. पुढे अभ्यासातील देखरेख संपली, आणि तीन वर्षांनी पाहता गटांतील अंतर उरले नव्हते. यावरून आम्ही आमच्यापुरता एवढाच बोध घेतला की, एकदा सापडलेले औषध जन्मभराचे गृहीत धरू नये. लक्ष ठेवणे थांबवू नये.

औषधाने काय केले नाही, तेही सांगितले पाहिजे. त्याने हरवलेली दप्तरे आणून दिली नाहीत, अक्षर सुधारले नाही, मित्रही जोडून दिले नाहीत. ते काम माणसांचे होते. शाळेतील बाईंनी त्यास पहिल्या बाकावर, खिडकीपासून दूर बसविले, आणि फळा पुसण्याचे काम त्याच्याकडे दिले, म्हणजे उठण्यास रीतसर कारण मिळाले. घरी आम्ही एका वेळी एकच गोष्ट सांगू लागलो. वीस मिनिटे अभ्यास, पाच मिनिटे अंगणात, असा नियम केला. आणि चुकीबद्दल बोलण्याआधी झालेल्या कामाबद्दल बोलण्याची स्वतःस सवय लावली. फटके बंद झाले.

पालकांस विनंती

ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी निदान योग्य तज्ज्ञाकडून, शाळेची साक्ष घेऊन करावे. मूल सहा वर्षांहून लहान असेल तर प्रथम आईबापांनी वर्तनशिक्षणाची रीत शिकून घ्यावी. औषध हा तेथे पहिला उपाय मानीत नाहीत. दुसऱ्याच्या मुलाची गोळी वा मात्रा आपल्या मुलास देऊ नये, आणि आमच्यासारखी परीक्षेसाठी वाढवूही नये. एखादे औषध आपल्या मनाने एकाएकी थांबवू नये. 'क्लोनिडीन' सारखी औषधे अकस्मात बंद केल्यास रक्तदाब उसळतो. उंची, वजन, नाडी व रक्तदाब ठराविक काळाने मोजून घ्यावेत. पहिले औषध लागू न पडल्यास निराश होऊ नये. आणि मुलास विचारावे. तो रकाना आम्ही सर्वांच्या शेवटी आखला. वास्तविक तो सर्वांत आधी आखावयास हवा होता.

२०२५ साली बाळ सातवीत गेला. गोळी चालू आहे. दर सुट्टीत डॉक्टरीणबाई तिची गरज पुन्हा तपासून पाहतात. आता ही चौथी वही आहे. घरचा रकाना आम्ही आठवड्यातून एकदाच भरतो. तिसरा मात्र तो स्वतः न सांगता भरतो. परवा त्यात त्याने लिहिले होते, "आज छत्री हरवली. गोळी घेतली होती, तरी हरवली. म्हणजे ती मीच हरवली." ते वाचून आम्ही दोघे पुष्कळ वेळ हसलो, आणि संध्याकाळी नवी छत्री आणावयास त्यालाच सोबत घेऊन बाजारात गेलो.